सहा चिमणे, एकशे चाळीस चिमण्या

गोफणवाल्या आपांच्या गोफणीत मी कधी दगड पाहिला नाही. सुती दोऱ्याची, हाताने विणलेली, वयाने जवळजवळ माझ्याएवढी ती गोफण आपा डोक्याभोवती दोनदा गरगरवत आणि तिचं मोकळं टोक असं झटकत की बार उडाल्यासारखा आवाज होई. बाजरीवर टेकलेला सगळा थवा एका झपाट्यात उठे. बाकी राखणदारांच्या पायाशी खड्यांची रास असायची. आपांच्या पायाशी पाण्याचा तांब्या आणि पानाची चंची. माझ्याकडच्या यादीत ‘राखणीचे साहित्य : गोफण, खडे, पत्र्याचा डबा’ असं छापलेलं होतं. पहिल्याच दिवशी त्यातलं मधलं घर रिकामं राहिलं, म्हणून मी विचारलं.

“दगड इचारत न्हाई बाई, तू कोन हायस म्हनून,” आपा म्हणाल्या. “दाना खानाऱ्याला बी लागतो, अळी खाऊन राह्यला त्याला बी लागतो. मला नको त्याचं पाप.”

मी त्या घरात ‘लागू नाही’ असं लिहिलं आणि पुढच्या शेताकडे निघाले. त्या काय म्हणाल्या ते समजायला मला दोन उन्हाळे लागले.

मी जालन्यातल्या एका बियाणे कंपनीची फील्ड सुपरवायझर. उन्हाळी बाजरीचे संकरित बियाण्याचे प्लॉट माझ्याकडे असत. या कामात ओळींना महत्त्व असतं. चार ओळी मादीच्या, दोन ओळी नराच्या, पुन्हा चार मादीच्या. मादीच्या ओळीत एखादं वेगळं ताट दिसलं की ते भेसळ, लगेच उपटायचं. कणीस बाहेर पडण्याच्या दिवसांत मी रोज सकाळी ओळीओळीने फिरे आणि किती झाडं उपटली ते वहीत मांडे. दाणा भरायला लागला की भेसळीचं काम संपतं आणि पाखरांचं सुरू होतं. एप्रिल-मेमध्ये आसपास दुसरं दाण्याचं पीक नसतं, त्यामुळे पंचक्रोशीतलं प्रत्येक पाखरू आमच्याच पाहुणचाराला येतं.

आपा राखणीला होत्या तो प्लॉट किसनआबांचा. वडीगोद्रीहून आत, कालव्याच्या चारीवर. शेताच्या पश्चिम बांधावर अकरा जुन्या बाभळी होत्या. खोडं इतकी पोकळ की प्रत्येकीत दोन-तीन ढोल्या सहज सापडाव्यात. त्या बाभळींपासून वीस पावलांवर, चार मेढींवर उभारलेला आपांचा माळा. दिवस उगवायच्या आधी त्या वडीगोद्रीहून चालत येत. तिथे महामार्गाला त्यांच्या मुलाचं पंक्चरचं दुकान होतं. मुलगा मोटारसायकलवर सोडतो म्हणायचा, पण आपांना मागच्या सीटचा भरवसा वाटत नसे.

राखण हा त्यांचा उन्हाळ्याचा उद्योग. त्यांची खरी ख्याती सोयरिकी जमवण्यात होती. तीर्थपुरीपासून बदनापूरपर्यंतच्या त्यांच्या जमातीतल्या घरांचं कोण कोणाचं लागतं हे त्यांना तोंडपाठ होतं. कुणी नवीन माणूस भेटला की त्या दोनच प्रश्न विचारत. आईचं माहेर कुठलं, आणि घरात पाहुणा आला तर आधी कोण उठतं. मी म्हटलं, दुसऱ्या प्रश्नाचा सोयरिकीशी काय संबंध? त्या म्हणाल्या, “सूरत बगून नातं लावनारे लई बगितले मी. दोन पोरी सारख्या दिसल्या म्हनून बहिनी न्हाई होत. घरातला रिवाज बग. रिवाज खोटं न्हाई बोलत.”

हीच कसोटी त्या पाखरांना लावत. दुपारी बारा ते तीन पाखरं सावलीला गेली की माझीही फेरी थांबायची, आणि मी माळ्याखाली डबा उघडून बसायचे. तेव्हा वरून त्यांचं चाले. चिमणीचं घर बघ, म्हणत. भोकात, वळचणीला, फोटोच्या मागं, जिथं सापडंल तिथं गवत, चिंध्या, पिसं कोंबली की झालं. सगळा गबाळा कारभार, पण आत पिल्लं सुखी. मुनिया गवताचा गोळा करते आणि बाजूनं दार ठेवते. सुगरण तर काय, कारागीर. मुनिया फांदीवर एकमेकींना चिकटून बसतात, थंडी असो नसो. चिमण्या कधी अशा बसतात का? हातभर अंतर राखून बसतील आणि तरी भांडतील. धुळीत लोळून न्हाणार ती चिमणी. टुणटुण उड्या मारणार ती चिमणी. चंडोल रंगाने कितीही तिच्यासारखा असला तरी तो पाय टाकत चालतो, म्हणजे तो त्या घरचा नाही.

“मग बाभळीतली?” मी एकदा विचारलं. बाभळींच्या ढोल्यांतून फिकट तपकिरी पाखरं ये-जा करताना दिसत.

“ती रानचिमनी. गळ्याखाली हळदीचं बोट लावल्यागत दिसतं बग. ही चिमनीची सख्खी चचेरी. एक बहीन गावात दिली, एक रानात दिली. पन रिवाज तोच. भोकात घर, तसाच पसारा, तेच भांडन.”

“आणि सुगरण?”

“तिचं खानदान बिलकुल दुसरं. चिमनीशी तिचा रक्ताचा संबंध न्हाई. मुनिया आन् सुगरन, ह्या दोघी एकमेकींच्या जवळच्या. दोघी गवत ओवून घर करतेत. एक भारी करते, एक साधं.”

माझ्याकडे कार्यालयातून मिळालेलं एक जुनं पुस्तक होतं. त्यात चिमणीला सुगरणीच्याच कुळात बसवलं होतं, आणि कारणही दिलं होतं : चोच सारखी, आहार सारखा, अंगाचा घाट सारखा. मी ते आपांना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, “हे लिहिनारा कधी उन्हाळ्यात राखनीला बसल्ता का?” मला वाटलं, पुस्तकापुढे बाईंचं काय खरं मानायचं. मी पुस्तक पिशवीत ठेवलं.

माझी चूक झाली ती दुसऱ्या उन्हाळ्यात.

दाणे भरत आले आणि प्लॉटच्या मधल्या भागात कणसांची टोकं उघडी पडायला लागली. साहेबांनी अहवाल मागवला : कोणतं पाखरू, किती, आसरा कुठे, उपाय काय. मी तीन सकाळी दुर्बीण घेऊन मोजलं. रकाने आखले. सवयीने नर आणि मादी वेगळे मांडले. काळा गळपट्टा असेल तो चिमणा, नसेल ती चिमणी. तिसऱ्या दिवशीचा आकडा होता चिमणे सहा, चिमण्या एकशे चाळीस. ‘मुख्य नुकसानकारक पक्षी’ यापुढे मी ‘चिमणी’ लिहिलं. ‘आसरा’ यापुढे ‘पश्चिम बांधावरील बाभळी’. ‘शिफारस’ यापुढे ‘आसऱ्याची झाडे काढावीत’. खाली सही केली, शिक्का मारला आणि एक प्रत किसनआबांना दिली.

आबांना पीक वाचायला हवं होतं. त्यांनी त्याच दिवशी लाकूडवाल्याला बोलावून झाडं दाखवली. तो खोडांवर टकटक करून गेला आणि शनिवारी करवत घेऊन येतो म्हणाला. तो मंगळवार होता.

बुधवारी सकाळी मी पोचले तर आपा माळ्यावरून खाली उतरून माझी वाटच बघत होत्या. थवे शेतात बसत होते आणि त्या गोफण हातात असून उभ्या होत्या, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

“काय लिहून दिलंस तू किसनभाऊला?”

मी सांगितलं.

“नऊ ढोल्यांत पिल्लं हायेत त्या बाभळींच्या. नऊ. मी रोज बगून राह्यले. चोची बाहेर काढतेत आता. शनिवारी करवत लागली तर एक बी उडू शकनार न्हाई.”

“आपा, पण नुकसान तर...”

“वाच तो कागद. पूरा वाच.”

मी वाचला. चिमणे सहा, चिमण्या एकशे चाळीस यावर त्यांनी हात वर केला.

“थांब. पुन्यांदा वाच.”

मी पुन्हा वाचलं.

“एकशे चाळीस बायका आन् सहा नवरे,” आपा म्हणाल्या. “मी तीस साल सोयरिकी जमवून राह्यले, आसलं गाव न्हाई बगितलं. चिमना एक बायको करतो आन् तिच्याशीच जनमभर भांडतो. मंग ह्या एकशे चौतीस कुनाच्या?”

मी कागदावरचे ते दोन आकडे पुन्हा पाहिले.

“बाजरीतले नर-माद्या लांबून वळखतेस तू. एक ताट जादा आलं तर उपटतेस. हितं एवढी भेसळ भरलीय तुझ्या कागदात, ती न्हाई दिसली?”

रोज सकाळी मी ओळीओळीने जे शोधत होते तेच माझ्या वहीत बसलं होतं आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी दुर्बीण काढली. मधल्या ओळींवरचा थवा नीट पाहिला. चोच जाडजूड, शेपटी तोकडी, भुवई रुंद आणि पिवळसर, पाठीवर रेघा ठळक. सुगरणीच होत्या त्या. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सुगरणीच्या नरालाही पिवळा रंग नसतो. नर-मादी सगळे चिमणीच्या मादीसारखे मातकट दिसतात. माझ्या काळ्या गळपट्ट्याच्या कसोटीत ते सगळे ‘चिमणी’च्या रकान्यात पडले होते. बाभळीतल्या रानचिमण्यांनाही काळा गळपट्टा नाही, म्हणून त्याही तिथेच. माझ्या त्या एका रकान्यात तीन पाखरं आणि दोन खानदानं होती.

आम्ही दोघी आबांकडे गेलो. ते गोठ्यापाशी बसून चहा पीत होते. मी सांगितलं, की अहवालात माझी चूक झाली आहे, झाडं तोडू नका.

“म्याडम, कागद तुमचाच हाय,” आबा म्हणाले. “कंपनीचा शिक्का हाय त्याच्यावर. आज एक म्हंता, उद्या एक म्हंता. माजं पीक तवर राहतंय का?”

“शिक्क्याला डोळे असतेत का किसनभाऊ?” आपा म्हणाल्या.

“तुमाला राखनीला ठेवलंय आपा. तुमी आता झाडांची बी राखन करून राह्यल्या का?”

“करते की. तीन दिवस हायेत शनिवारला. मी दाखवते तुमाला, दाना कोन खातंय आन् कुठं राहतंय. न्हाई दाखवलं तर करवत मी सोता धरते.”

आबा हसले, पण हो म्हणाले. आपांनी शब्द दिला तर त्या पाळतात हे साऱ्या तालुक्याला माहीत होतं.

गुरुवारी आपा तीन पांढऱ्या चादरी घेऊन आल्या. सोयरिकीच्या बैठकीला अंथरायच्या, इस्त्रीच्या घड्या अजून होत्या. एक बाभळींच्या रांगेखाली, एक बाजरीच्या मधल्या ओळींत, एक आबांच्या घराजवळ, जिथे माझे सहा चिमणे आणि त्यांच्या सहा बायका असत. चारी कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली आणि दिवसभर कुणी फिरकायचं नाही असं ठरलं. संध्याकाळी आबांना घेऊन आम्ही प्रत्येक चादर तपासली. मी नोंद करत गेले.

मधल्या चादरीवर बाजरीचा कोंडा आणि अर्धवट दाणे, ओंजळी भरतील एवढे. घराजवळच्या चादरीवर थोडा कोंडा. “चिमनी काई साधू न्हाई,” आपा म्हणाल्या, “ती बी खाते. पन बारा तोंडं किती खातील?” बाभळींखालच्या चादरीवर नाकतोड्यांचे पाय, भुंगेऱ्यांचे पंख, अळ्यांची सुकलेली कातडी. पिल्लांना भरवताना ढोलीतून सांडलेलं ते सगळं. आबांनी वाकून ते बोटाने चाळलं. दक्षिणेकडच्या टोकाला त्यांना बाजरीचा कोंडा सापडला. चिमूटभर, पण होता.

“हे काय मंग?”

आपांनी कोंडा तळहातावर घेतला. “वाटेवरच्या झाडाखाली माणूस टेकतंच भाऊ. टेकला म्हनून ते त्याचं घर होतं का?”

“मंग घर कुठाय?”

“ते उद्या.”

शुक्रवारी दिवस कलायला लागला तशी आपांनी माझ्या स्कूटीकडे बोट केलं. मागच्या सीटचा भरवसा नसलेल्या आपा माझ्या मागे आडव्या बसल्या, एक हात माझ्या खांद्यात रुतवून. आबा त्यांच्या मोटारसायकलवर. थवा उठला. आधी बाभळींच्या दक्षिण टोकाला टेकला, पाचेक मिनिटं कलकलाट केला, पुन्हा उठला आणि चारीच्या दिशेने गेला. “जल्दी,” आपा म्हणाल्या. आम्ही चारीच्या कच्च्या रस्त्याने त्याच्या मागे. खड्डा आला की आपांचा हात आणखी रुते, पण डोळे आभाळातून हलत नव्हते. वाटेत दुसरा थवा येऊन मिळाला, मग तिसरा. पुढच्या वळणावर सगळे एकदम खाली वळले आणि उसात शिरले. पाच मिनिटं तो ऊस नुसता हलत होता आणि आतून तळणाच्या कढईसारखा आवाज येत होता.

आम्ही गाड्या बंद केल्या. मुनियाही येत होत्या, छोट्या छोट्या टोळ्यांनी, आणि त्याच उसात उतरत होत्या.

“किसनभाऊ,” आपा शांतपणे म्हणाल्या, “हा ऊस कुनाचा?”

आबांनी टोपी काढून मान पुसली. ऊस त्यांचाच होता. दोन वर्षांपूर्वी चारीचं पाणी मिळतं म्हणून त्यांनीच लावलेला.

“आता ऊस तोडू का मंग?” ते म्हणाले.

“तुमाला प्रत्येक गोष्ट तोडायचीच का हाय? ऊस तोडला तर शेजारच्याच्यात जातील. पाखरू राहनार. त्याचा रस्ता धरायचा. सकाळी हिकडून येतंय, तर मी हिकडं पायजे. दोन साल मला उलट्या बांधावर बसवलंय तुमी.”

माळ्याची जागा ठरवणाऱ्या तक्त्यावरही माझीच सही होती. मी ते तिथेच सांगून टाकलं. आबा आपांकडे बघून म्हणाले, “म्हंजे म्याडमनं आपल्या दोघांचं बी नुकसान केलं.” मग ते हसायला लागले, आणि आपाही. मी हसले नाही, पण हलकं वाटलं.

त्याच संध्याकाळी आबांनी लाकूडवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून कळवलं. शनिवारी करवतीच्या जागी चार माणसं आली आणि माळा उपटून पूर्वेच्या, चारीकडच्या बांधावर उभा केला. थवा शेतात उतरायच्या आधी आभाळातच त्याला आपांचा पहिला बार ऐकू यायला लागला. आठवड्याभरात मधल्या ओळींतली नवी उघडी कणसं शोधावी लागत होती. मी जुना अहवाल रद्द करून नवा लिहिला. ‘आधीच्या अहवालातील ओळख चुकीची होती’ हे वाक्य पहिल्या ओळीत घातलं. साहेबांनी वाचून एवढंच विचारलं, “ही ओळख तुम्हाला कोणी पटवून दिली?” मी नाव लिहून दिलं.

कापणीच्या आठवड्यात सुगरणींच्या नरांना रंग चढायला लागला. आपांनी मला लांबून हाक मारून बोलावलं आणि चारीवरच्या तारेकडे बोट केलं. मातकट पाखरांच्या रांगेत सात-आठ जणांची डोकी पिवळी झाली होती.

“बग बाई,” त्या म्हणाल्या, “तुझ्या चिमण्यांनी पगड्या बांधल्या.”

त्याच आठवड्यात नऊच्या नऊ ढोल्या रिकाम्या झाल्या. पिल्लं उडाली होती.

पुढच्या वर्षी बदनापूरला बियाण्याच्या लोकांसाठी एक प्रशिक्षण होतं आणि पाखरांवर बोलायला एक पक्षी अभ्यासक आले होते. आपांची लेक बदनापूरला दिलेली, त्यामुळे त्या दिवशी त्या तिथेच होत्या. मी त्यांना सभागृहात घेऊन आले आणि मागच्या रांगेत बसवलं. अभ्यासकांनी फळ्यावर एक झाड काढलं. म्हणाले, पूर्वी चिमणीला सुगरणीच्या कुळात धरायचे, चोच आणि घाट बघून. आता जनुकं तपासता येतात. त्यावरून चिमणीचं कुळ स्वतंत्र काढलं आहे. त्यांनी एक फांदी काढून तिच्यावर चिमणी लिहिली आणि शेजारी रानचिमणी. मग बऱ्याच खालून फुटलेली दुसरी फांदी काढली आणि तिच्यावर सुगरण आणि मुनिया एकत्र लिहिल्या.

मी आपांना हळू आवाजात फळा वाचून दाखवला. त्यांनी मान हलवली. त्यांच्या दृष्टीने त्यात नवीन काही नव्हतं.

“आता काढलं म्हंते का?” त्यांनी मला विचारलं, पण त्यांचा आवाज राखणीचा होता, सभागृहभर गेला. “आमच्याकडं तर पयल्यापासून येगळंच हाय.”

चाळीसेक सुपरवायझर मागे वळले. मी उभी राहिले आणि मागच्या उन्हाळ्याची सगळी हकिकत सांगितली, माझ्या रकान्यासकट. अभ्यासक खडू हातात धरून ऐकत राहिले. मग त्यांनी आपांना पुढे बोलावलं. पुढचा अर्धा तास त्या फळ्यापाशी खुर्चीत बसून बोलल्या आणि अभ्यासक त्यांच्या शेजारी उभे राहून लिहून घेत होते.

एका ठिकाणी मात्र दोघांचं अडलं. अभ्यासकांनी सांगितलं, पाण्याकाठी शेपटी आपटत फिरतो तो धोबी पक्षी, तो सुगरणीपेक्षा चिमणीला जवळचा आहे. आपा म्हणाल्या, हे होऊच शकत नाही. तो चालतो, उड्या मारत नाही, दाण्याला शिवत नाही. अभ्यासक म्हणाले, रक्त तसं सांगतं. परत आल्यावर आपांनी दोन दिवस चारीवर बसून धोबी बघितला. तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, “रिवाज तर काई जुळत न्हाई त्याचा. पन रक्ताचं म्हंतेत तर आसंल. दूरचा हाय, मला म्हाईत नव्हता. आता कार्यात त्याला बी बोलवा म्हनावं.” हार मानायची त्यांची पद्धत मला आवडली. तेव्हापासून माझी चूक निघाली की मीही त्याच आवाजात कबूल करायचा प्रयत्न करते. अजून तितकं जमत नाही.

आमच्या छापील तक्त्यात ‘चिमण्या’ असा एक रकाना होता. त्या वर्षी तो काढून चार केले : चिमणी, रानचिमणी, सुगरण, मुनिया. रानचिमणीपुढे कंसात ‘अळ्या खाते, झाड राखावे’ असं मी साहेबांशी वाद घालून छापून घेतलं. पहिली छापील प्रत मी आपांना नेऊन दिली. त्यांना मराठी वाचता येत नसे, उर्दू येई. त्यांनी तो कागद पालथा-सुलटा करून बघितला आणि विचारलं, “ह्याच्यात भेसळ न्हाई ना आता?” मी नाही म्हटलं. त्यांनी घडी करून चंचीत ठेवला.

नंतरचे तीन उन्हाळे त्या राखणीला आल्या. मग गुडघ्यांनी माळ्यावर चढणं नाकारलं आणि त्या बदनापूरला लेकीकडे गेल्या. मी स्टेशनच्या बाजूने गेले की त्यांच्याकडे थांबायचे. त्या अंगणात खाट टाकून बसलेल्या असत आणि वळचणीच्या चिमण्यांचं कोणाचं कोणाशी बिनसलं आहे ते मला सविस्तर सांगत. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. सकाळचा चहा पिऊन आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. मी पोचले तेव्हा अंगणात इतकी माणसं होती की आत जायला वाट नव्हती. त्यांतली निम्मी जोडपी त्यांनीच जमवलेली होती.

या एप्रिलमध्ये मी किसनआबांच्या बांधावर मोजणीला गेले होते. आबा आता थकले आहेत, पण शेतात रोज येतात. आम्ही बाभळींखाली बसलो असताना तोच लाकूडवाला मोटारसायकलवर आला. करवत मागे बांधलेली. शेजारच्या शेतात काम होतं, म्हणून वाट वाकडी करून आला होता.

“आबा, द्या की आता ही झाडं,” तो म्हणाला. “पोकळ झाल्यात. वादळात पडली तर चुलीच्या बी कामाची न्हाईत. आन् चिमण्यांचा तरास जाईल तुमचा.”

“कोन्त्या चिमण्या?” आबा म्हणाले.

“आता चिमण्यात कोन्त्या आन् काय. चिमण्या.”

आबांनी त्याला शेजारी बसायला लावलं. बस म्हणजे बसच, असं. मग त्यांनी त्याला गावची बहीण आणि रानातली बहीण सांगितली, सुगरणीचं खानदान सांगितलं, ढोलीकडे बोट करून थांबायला लावलं. गळ्यावर पिवळा ठिपका असलेलं एक पाखरू चोचीत हिरवी अळी घेऊन आलं आणि आत शिरलं. आतून चिवचिवाट झाला. लाकूडवाला बघत राहिला. आबांनी मुनियाच्या घरट्याचं दार वरच्या बाजूला असतं असं सांगितलं, ते चूक होतं. मी वही मिटून घेतली आणि बोलले नाही.

अर्ध्या तासाने तो उठला, गाडीला किक मारली, आणि पुन्हा बंद केली.

“आबा, माज्या घरामागं बी एक कडूलिंब हाय पोकळ. त्याच्यात बी हायेत काई बारकी. बापानं तोडायला सांगितलाय. त्यातली कोन्ती म्हनायची मंग?”

“अळी नेऊन राह्यली का दाना, ते बग आधी,” आबा म्हणाले. “दोन दिवस बग. मंग ये हितं, सांगतो.”

तो गेला. मी वही उघडून त्या दिवसाची नोंद पुरी केली : पश्चिम बांध, बाभळी अकरा. वस्तीच्या ढोल्या चौदा.